गोड सोडले, मग ‘चीटिंग’ कशाला म्हणायचे?

कानामात्रा
गोड सोडू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद मी करत आहे आणि तीन दिवसांपासून एका शब्दापाशी अडलो आहे. मूळ मजकुरात ‘चीटिंग’ पानोपानी येते. सोडलेला पदार्थ खाल्ला की ते चीटिंग, आणि आठवड्यातून एकदा ठरवून खायचा दिवस म्हणजे ‘चीट डे’. पहिल्या मसुद्यात मी ‘फसवणूक’ असे लिहिले, तेव्हा मसुदा तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने एवढेच विचारले, ‘कोणाची?’ मला उत्तर देता आले नाही, कारण मराठीत फसवायला समोर कोणीतरी लागते. ‘नियमभंग’ लिहावे तर आता दंडही भरावा लागेल असे वाटते, आणि ‘व्रतभंग’ लिहावे तर ज्याने केवळ रक्तातील साखर वाढली म्हणून गोड सोडले, त्याच्यावर नसते पावित्र्य लादले जाते. आपण काय लिहाल?

मितभाषी
‘पथ्य मोडणे’ लिहीन. ‘पथ्य’ हा शब्द ‘पथिन्’ म्हणजे वाट यावरून आला. जे वाटेला धरून आहे ते पथ्य. ते पाळता येते, सांभाळता येते, आणि एखाद्या दिवशी मोडले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटेला लागता येते. एखादी गोष्ट अनायासे फायद्याची ठरली की ती ‘पथ्यावर पडली’ असे आपण म्हणतो, इतका हा शब्द आपल्या भाषेत मुरला आहे.

आडओळ
पथ्य दुसऱ्याने सांगितलेले असते. स्वतःहून ठरवलेला तो ‘नेम’. तरीही या दोन्हींपेक्षा मला आमच्या घरातला शब्द अधिक नेमका वाटतो. वडिलांना मधुमेह झाल्यावर त्यांनी साखर सोडली, पण रात्री सगळे झोपल्यावर ते डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून त्यावर रुमाल दाबून धरत, एक चमचा तोंडात टाकत आणि चमचा धुऊन पुन्हा डब्यात ठेवत. तो नीट पुसायचे मात्र त्यांच्या ध्यानात येत नसे. सकाळी त्या चमच्याला साखरेचे दाणे थराने चिकटलेले असत आणि आई एका दृष्टिक्षेपात सारे ओळखत असे. ‘काल पुन्हा चोरून खाल्लेत ना?’ एवढेच ती विचारी. हेच वडील एखाद्या दिवशी सर्वांसमोर केकचा तुकडा उचलत तेव्हा ती गप्प राही. साखर दोन्ही वेळा पोटात गेलीच, शब्द मात्र एकाच वेळी उच्चारला गेला. म्हणून ‘चोरून खाणे’ लिहावे, असे मी मनापासून सुचवतो.

बोलीकर
अनुभव हृद्य आहे, पण एकटे राहणाऱ्याने कोणापासून चोरून खायचे? ‘चीटिंग’ तसेच राहू द्यावे. मुले खेळताना दिवसातून दहा वेळा हा शब्द उच्चारतात आणि त्याचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही.

तत्सम
मुले तो शब्द वापरतात, कारण आपण त्यांच्या कानावर ‘रडीचा डाव’ पडू दिला नाही. हाताशी असलेला शब्द टाकून परका उचलायचा आणि मग मराठीत शब्दच नाहीत अशी खंत करायची, हे मला मान्य नाही. स्वतःला फसवण्यासाठीही ‘आत्मवंचना’ आहे. समासातील पेन्सिलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात मिळते.

बोलीकर
संस्कृतातल्या ‘शर्करे’चा मूळ अर्थ खडे, वाळू असा होता. तोच शब्द फारसीत आणि अरबीत जाऊन पुढे युरोपभर पसरला आणि इंग्रजांचा ‘शुगर’ झाला. शब्दांना सीमा घालून काय साधणार? ‘रडीचा डाव’ चांगला आहे, पण त्याचा अर्थ निराळा आहे. रडी सर्वांदेखत खेळली जाते, नियम आपल्या बाजूला वाकवून. ‘मध म्हणजे काही साखर नव्हे’ हा रडीचा डाव; मध्यरात्रीचा चमचा ही चोरी. मी स्वतः चार महिने साखर सोडली होती आणि त्या काळात रोज दोन पेले फळांचा रस पीत होतो. त्याला मी कोणतेच नाव दिले नव्हते आणि मी गोड सोडले आहे असे सर्वांना सांगत होतो. याची मला आजही खंत वाटते.

कानामात्रा
रसाचा मुद्दा पुस्तिकेतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतील शर्करा एकत्र मोजली आहे, आणि ती दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी ठेवावी असे म्हटले आहे. 2000 किलोकॅलरीच्या आहारात हे प्रमाण सुमारे 50 ग्रॅम होते. अख्ख्या फळातील आणि दुधातील नैसर्गिक शर्करा मात्र त्यात धरलेली नाही. या मोजल्या जाणाऱ्या शर्करेला, म्हणजे मुळातल्या ‘फ्री शुगर्स’ना, मी ‘मुक्त शर्करा’ म्हटले, आणि पुढच्याच पानावर वेष्टनावरच्या ‘शर्करामुक्त’ या शब्दाचे स्पष्टीकरण आले.

तत्सम
दोन्ही शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. ‘मुक्त शर्करा’त ‘मुक्त’ हे विशेषण आहे. ‘शर्करामुक्त’ हा पंचमी तत्पुरुष, म्हणजे शर्करेपासून मुक्त.

आडओळ
निर्दोष असतील, पण घाईत वाचणाऱ्या रुग्णाला एक जपायला सांगतो आणि दुसरा निर्धास्त करतो, हे कसे कळावे? ‘सुटी साखर’ लिहा.

मितभाषी
सुटी साखर म्हणजे पुड्यात न बांधलेली, वजनावर घेतलेली साखर. वाचक पुडा आणेल आणि आपण नेम पाळला असे समजेल. त्यापेक्षा ‘अंगची साखर’ आणि ‘वरची साखर’ अशी जोडी करावी. फळाच्या अंगची चालते, वरून घातलेली चालत नाही. हे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

कानामात्रा
ही जोडी वाचताच मला आवडली आणि मी लगेच पुस्तिकेत घालून पाहिली, पण ती मधापाशी अडते. मधातील साखर अंगचीच असते, तरीही ती मोजायची आहे. रसातीलही अंगचीच, फळ पिळताना तिच्याभोवतीच्या पेशींच्या भिंती फुटतात आणि चोथा मागे राहतो, म्हणून तीही मोजणीत येते. ‘वरची’ म्हटले तर मध सुटतो, आणि बोलीकर यांचे दोन पेलेही सुटतात.

बोलीकर
ते सुटता कामा नयेत. ‘मोकळी साखर’ लिहून पाहिलेत का?