करंट वाढवला की डायोड लेसरचा बीम आडवा पसरतो, काय करू?

प्रकाशवेडा:
मंडळी, 976 नॅनोमीटरचा सिंगल एमिटर (प्रकाश देणारा एकच पट्टा असलेली लेसर चिप) आहे, पट्टा 100 मायक्रॉन रुंद. 12 अँपिअरला 1.65 व्होल्ट पडतात आणि 11.5 वॉट बाहेर येतात, म्हणजे घातलेल्या विजेच्या 58 टक्के, तेवढं ठीकच म्हणायचं. पण 4 अँपिअरला स्लो अ‍ॅक्सिसचा (पट्ट्याच्या रुंदीची आडवी दिशा) पूर्ण कोन 6 अंश असतो तो 12 ला 10 होतो आणि फायबरमध्ये जाणारी पॉवर 9 अँपिअरनंतर वाढतच नाही, वरचा करंट नुसता फुकट. फास्ट अ‍ॅक्सिस (उभी दिशा) मात्र जशीच्या तशी. कूलिंग वाढवू की चिपच बदलू?

अर्धवाहक:
फास्ट अ‍ॅक्सिसला धक्का लागणार नाही, तिथे वेव्हगाईड (प्रकाश आत धरणारा थर) इतका पातळ असतो की एकच मोड, म्हणजे प्रकाश पसरायची एकच ठरावीक पद्धत, टिकतो. आडव्या 100 मायक्रॉनमध्ये मात्र डझनभर मोड आरामात बसतात. तुझेच आकडे घे, अर्धी रुंदी 0.05 मिमी गुणिले अर्धा कोन 87 मिलिरेडियन, आले 4.4 (जितकं कमी तितका बीम चांगला), आणि आदर्श बीमला 0.31, म्हणजे चौदापट वाईट. 19.8 वॉट घातलेस, 11.5 प्रकाश झाला, उरलेले 8.3 त्या बारीक पट्ट्यातच जिरतात. मधला भाग कडांपेक्षा जास्त तापतो, तिथला अपवर्तनांक वाढतो, आयती लेन्स तयार होते आणि वरचे मोडही आत धरले जातात. आधी 1 मायक्रोसेकंदाच्या पल्सवर 12 अँपिअर देऊन बघ, ड्युटी (एकूण वेळेतला चालू असण्याचा वाटा) 1 टक्क्याच्या आत ठेव. कोन आवळला तर उष्णता, नाही तर कॅरिअरची (चिपमधल्या विद्युतभार वाहणाऱ्या कणांची) भानगड.

प्रकाशवेडा:
केलं. पल्सवर 7.2 अंश!

सोल्डरवाली:
मग स्पेक्ट्रमही घ्या ना, फुकटचा थर्मामीटर आहे तो. या मटेरियलमध्ये वेव्हलेंग्थ अंशाला साधारण 0.3 नॅनोमीटर सरकते. त्याच करंटला पल्स आणि सतत चालू यात किती फरक पडतो? फक्त ग्रेटिंगने (ठरावीक वेव्हलेंग्थच परत पाठवणारी बारीक रेघांची जाळी) लॉक केलेला डायोड असेल तर हे चालणार नाही, तो मुद्दाम सरकत नाही.

प्रकाशवेडा:
लॉक नाहीये. फरक 10 नॅनोमीटर.

सोल्डरवाली:
म्हणजे 33 अंश, भागिले 8.3 वॉट, वॉटमागे 4 अंश. जास्तच आहे हो. चिप बदलायच्या आधी बैठक तपासा. माझ्याकडे असंच झालेलं, आठवडाभर ड्रायव्हरला शिव्या घातल्या आणि शेवटी माउंटखालचं इंडियम फॉइल (उष्णता खाली नेणारा मऊ धातूचा पातळ पत्रा) एका कोपऱ्यात दुमडलेलं निघालं.

गप्पिष्ट_फोटॉन:
बैठक सुधारा, पण नुसतं गार केलं की बीम सुधारतो असं समजू नका. लेन्स बनते ती मध्य आणि कड यांच्यातल्या फरकामुळे, सरासरी तापमानामुळे नाही. चिपचा फक्त मधला पट्टा खाली टेकवला तर उष्णता आडवी न पसरता सरळ खाली उतरते, उंचवटा सपाट होतो, बीम आवळतो, पण चिप एकूण जास्त तापते आणि एफिशियन्सी घसरते. दोन्ही एकदम मिळायचं तर मुळात उष्णताच कमी व्हायला हवी, म्हणजे डायोडच्या दोन बाजूंपैकी पी बाजूचा थर पातळ, रोध कमी, प्रकाश जास्त करून एन बाजूला ढकललेला. ते चिप बनवणाऱ्याच्या हातात. पट्टा अरुंद घेतला तर बीम छान, पण चिपच्या तोंडावर, जिथून प्रकाश बाहेर पडतो, पॉवरची घनता वाढते आणि तिथला आरसाच जळायची भीती. मी तर फायबरमध्ये गेलेले वॉट भागिले घातलेले वॉट एवढंच मोजतो.

प्रकाशवेडा:
माउंट उघडला. फॉइल नीट होतं, पण एक स्क्रू सैल होता 🙂 घट्ट केल्यावर फरक 7 नॅनोमीटरवर आला आणि 12 ला कोन 8.8. चिप तूर्त राहू देतो.