‘मेसेज’ला ‘निरोप’ का म्हणू नये?

फोंडा, मराठी शिक्षिका :
सातवीच्या निबंधात ‘आईचा मेसेज आला’ असं वाक्य होतं. मी ‘मेसेज’ खोडून ‘निरोप’ लिहिलं. मुलगी घाबरून म्हणाली, “टीचर, आई कुठे गेली नाही!” दहावीच्या निरोप समारंभापलीकडे तिला हा शब्दच माहीत नव्हता. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सामान आणायला कोण येणार, हे आमच्या घरी शेजारच्या पोराकरवी कळायचं. त्याला निरोपच म्हणत. इतका जिवंत शब्द आपण एका समारंभापुरता ठेवला, याचं मला वाईट वाटतं.

म्हापसा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान :
टीचर, तुम्ही खोडायला नको होतं. निरोपाला मध्ये माणूस लागतो, ‘अमक्याला सांग’ म्हणून. आईने स्वतः टाइप करून पाठवलं, तो निरोप कसा? पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ला इंग्लंडमध्ये संगणकावरून मोबाईलवर गेला. वस्तू नवी, तिच्याबरोबर आलेलं नावही राहू द्या. माझ्याकडे गिऱ्हाईक ‘सगळे मेसेज गेले’ म्हणत रडकुंडीला येतं. त्यात गेलेल्या वडिलांचे शब्द असतात. तिथे मी ‘निरोप’ म्हणू?

डिचोली :
म्हणा की! ‘मेसेज’ही मुळात माणसाकरवीच जायचा. लॅटिनमधल्या ‘मित्तेरे’, म्हणजे पाठवणे, यातून तो आला. ‘मिशनरी’ त्यातलाच आणि आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची ‘मीस’, म्हणजे चर्चमधली मिस्सा प्रार्थनासुद्धा; ती मिस्साच्या शेवटी लोकांना जायला सांगणाऱ्या लॅटिन शब्दांवरून. म्हणजे सांगावा आणि पाठवणी तिथेही एकाच धातूत आहेत, अगदी आपल्या ‘निरोपा’सारख्या. स्कॉटलंडमध्ये तर ‘मेसेजेस’ आणायला जाणे म्हणजे बाजारहाट करणे. शब्द ताणला जातो, तुटत नाही. नाटकातून ‘काय मेसेज मिळाला’ असं विचारतात, तिथे मात्र मला दोन्ही नकोत, ‘नाटक काय सांगतं’ एवढं पुरे.

म्हापसा :
धातू एक असेल, पण घरात ‘बाबांचा निरोप’ म्हटल्यावर काळजात धस्स होतं, ते धातू सांगून थांबत नाही.

फोंडा :
हे मला पटलं. त्या मुलीचं ‘मेसेज’ मी परत लिहून देईन. पण धस्स होतं ते शब्द वापरात राहिला नाही म्हणून, हे मी सोडणार नाही. उद्यापासून वर्गात मुलांकरवी एकमेकांच्या घरी तोंडी निरोप पाठवणार आहे.