हाँगकाँगचे कमी कर आणि आपली घरपट्टी

प्रश्न (लातूर):
नमस्कार. आमच्या ग्रामसभेत घरपट्टी वाढविण्याचा विषय निघाला, तेव्हा एका सदस्यांनी हाँगकाँगचा दाखला दिला. फार मोठे पगार सोडले तर तेथे पगारावर कमाल १५ टक्के कर आहे, कंपन्यांच्या नफ्यावर १६.५ टक्के आहे आणि जीएसटी तर नाहीच; तरीही सरकार दवाखाने चालवते, घरे बांधते. एवढ्या थोड्या करांत तेथील खर्च भागतो कसा?

उत्तर (परभणी):
दादा, त्या दाखल्यात जमिनीचा उल्लेख राहून गेला. हाँगकाँगमधील जवळपास सगळी जमीन सरकारच्या मालकीची असून ती लिलावाने किंवा निविदेने भाडेपट्ट्यावर दिली जाते, आणि त्यापोटी बिल्डर जी रक्कम भरतो ती शेवटी घराच्या किमतीत आणि भाड्यात उतरते. पगारातून जे कापले जात नाही, ते कुटुंब घरभाड्यातून देते. मला तरी हा करच वाटतो. घरे इतकी महाग झाल्यामुळेच जवळपास निम्म्या लोकसंख्येला सरकारी किंवा अनुदानित घरांत राहावे लागते. जमिनीच्या उत्पन्नाला चढउतार फार असतो म्हणून २००६ मध्ये ५ टक्के जीएसटीचा प्रस्ताव आला होता. लोकांच्या विरोधामुळे तो त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. २०२२ नंतर जमिनीला गिऱ्हाईक कमी झाले आणि काही वर्षे अर्थसंकल्पात तूट आली.

उत्तर (नांदेड जिल्हा):
ताईंचे म्हणणे पटते. तेथील मूलभूत कायद्याच्या (म्हणजे हाँगकाँगच्या राज्यघटनेसारख्या कायद्याच्या) कलम १०७ नुसार खर्च उत्पन्नाच्या मर्यादेत ठेवण्याचे तत्त्व पाळावे लागते, आणि चांगल्या वर्षांतील शिल्लक गंगाजळीत पडते.

आपल्या ग्रामपंचायतीकडे अशी भाडेपट्ट्याने देण्याजोगी जमीन कुठे आहे? हक्काचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. बाकी भिस्त अनुदानावर, आणि १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधलेली होती. मागच्या उन्हाळ्यात आमच्या नळयोजनेची वीज बिल थकल्यामुळे तोडली गेली. विहिरीत पाणी होते, मोटार धडधाकट होती, तरी बाया घागरी घेऊन शेतातल्या बोअरवर रांगेत उभ्या राहत. तेव्हा नमुना ९ (ग्रामपंचायतीची कर मागणी नोंदवही) उघडून पाहिला, तर माडीच्या घरांचीच थकबाकी सर्वांत जुनी निघाली. माझे स्पष्ट मत आहे की दर वाढविण्याआधी ती वसूल व्हावी. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यावर वाढीव पट्टी लादणे अन्यायाचे आहे.

प्रश्नकर्ता (लातूर):
आपणा दोघांचे मनापासून आभार. पुढील ग्रामसभेत नमुना ९ जाहीर वाचून दाखवावा, असा लेखी अर्ज मी उद्याच ग्रामसेवकांकडे देतो.