मंडळाला देणगी द्यायची तर बँकेतून नको, आयआरएमधून द्या

एडिसनकर:
साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत आलेली आपली पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली. आयआरए, म्हणजे करसवलतीच्या निवृत्ती खात्यातून, दर वर्षी आरएमडी म्हणून सक्तीची किमान रक्कम काढावीच लागते. गरज नसताना काढतो, टॅक्स भरतो आणि आपल्या मराठी मंडळाला बँकेतून वेगळा चेक लिहितो. हे थांबवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

साडेसत्तर पूर्ण झाली की आयआरएतून रक्कम थेट नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला पाठवता येते, त्यालाच क्यूसीडी म्हणतात. ही सोय २००६ मध्ये तात्पुरती आली, २०१५ मध्ये कायम झाली. २०२५ साठी माणशी मर्यादा १,०८,००० डॉलर. ही रक्कम आरएमडीत धरली जाते, पण करपात्र उत्पन्नात मोजली जात नाही.

समजा ७३ व्या वर्षी खात्यात ५,३०,००० डॉलर आहेत. नेहमीच्या तक्त्याप्रमाणे २६.५ ने भागायचं, म्हणजे २०,००० काढणं भाग आहे. त्यातले ८,००० थेट संस्थेला गेले, तर टॅक्स उरलेल्या १२,००० वरच. बँकेतून दिले तर पूर्ण २०,००० उत्पन्नात, आणि देणगीची पूर्ण वजावट बहुतेकांना मिळत नाही, कारण आपण स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, घेतो (जोडप्याला २०२५ साठी ३१,५००, पासष्टीनंतर आणखी जास्त). शिवाय उत्पन्न फार दिसलं तर मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) हप्ता वाढतो, तेही टळू शकतं.

डॅलसची वहिनी:
मला हे मुळीच पटत नाही. २२ टक्के टॅक्स वाचवायला शंभरातले शंभर देऊन टाकायचे? टॅक्स भरला तरी ७८ आपल्याकडे राहतात. दीर्घकाळाच्या देखभालीचा खर्च मेडिकेअर उचलत नाही. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाल्यावर ती बिलं आम्ही भरली आहेत. बाईमाणसं बहुधा मागे राहतात, आणि नवऱ्याच्या उदारपणाचा हिशेब त्यांना चुकवावा लागतो. द्यायचंच असेल तर खात्याचा लाभार्थी म्हणून संस्थेचं नाव लावा. आपल्यामागे उरेल ते जाईल.

एडिसनकर:
वहिनी, जे एरवीही देतातच, त्यांच्यासाठी लिहिलं. आठ हजार जाणारच असतील तर कुठल्या खिशातून, एवढाच प्रश्न आहे. लाभार्थ्याची सूचना मात्र उत्तम. मुलांना आयआरए मिळाली तर सहसा दहा वर्षांत रिकामी करावी लागते आणि टॅक्स त्यांना पडतो. संस्थेला तो पडत नाही. घर आणि शेअर मुलांना, आयआरए संस्थेला, अशी वाटणी चांगली.

विदर्भ ते ओहायो:
माझा आक्षेप वेगळा. मला यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावच्या शाळेला द्यायचं आहे. तिथल्या ट्रस्टला क्यूसीडी चालत नाही, अमेरिकेत नोंदलेलीच संस्था लागते. आयुष्यभर जमवलेला पैसा माझा, आणि तो कुठे जावा हे टॅक्सचा कायदा ठरवणार? मी टॅक्स भरून सरळ गावी पाठवतो. शाळेला पूर्ण रक्कम पोहोचते, याचं मला समाधान आहे.

हिशेबनीस:
भारतात काम करणाऱ्या, पण इथे नोंदलेल्या संस्थेला क्यूसीडी चालते. मात्र पैसा कुठे वापरायचा हे संस्थेनं स्वतः ठरवायला हवं. तुमच्या नावानं पुढे पाठवणारी टपालपेटी होऊन चालत नाही.

आणखी काही अडचणी सांगतो, कारण लोक इथेच अडकतात. डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडाला (देणगी आधी ठेवून नंतर संस्थांना वाटायच्या खात्याला) चालत नाही. ४०१-के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून, थेट होत नाही. बदल्यात कार्यक्रमाचं तिकीट किंवा जेवण घेतलं तर सवलत जाते. पैसे आधी आपल्या बँकेत आले की ती क्यूसीडी राहत नाही. आणि आयआरएतून काढलेल्या पैशांच्या १०९९-आर फॉर्मवर ही रक्कम वेगळी दिसेलच असं नाही, टॅक्स करणाऱ्याला आवर्जून सांगा.

साडेसत्तरीच्या आतले असाल तर हा विषय तुमचा नाही. भाव वाढलेले जुने शेअर थेट संस्थेला देण्याचा विचार करा.

डॅलसची वहिनी:
नियम कळले, माझं म्हणणं बदललेलं नाही. देखभालीची तजवीज आधी. त्याआधी एक डॉलरही नाही.

एडिसनकर:
तजवीज आधी, हे मान्य. पण सगळं मरणानंतरच द्यायचं, हे मान्य नाही. आमच्या मंडळाच्या मराठी शाळेला सप्टेंबरात वर्गखोल्यांचं भाडं भरायचं आहे. माझ्या मृत्युपत्राची वाट ती शाळा कशी पाहणार?