झार दुबळा होता हे मान्य, पण...

वर कोणीतरी लिहिलंय की रशियाचा झार (म्हणजे सम्राट) निकोलस दुबळा, बायकोचं आणि तिच्या मर्जीतल्या रास्पुतिन नावाच्या साधूचं ऐकायचा म्हणून गादी गेली. मला अर्धंच पटलं. दुबळे राजे काय कमी झाले का, पण 1613 पासूनचं त्याचं रोमानोव्ह घराणं पडलं ते पहिलं महायुद्ध चालू असतानाच ना. खरी माती खाल्ली ती 1915 मध्ये, पोलंड हातचं गेल्यावर साहेबांनी चुलतकाकांना बाजूला करून सेनापतीपद स्वतःकडे घेतलं आणि जाऊन बसले मोगिलेवला, सैन्याच्या मुख्यालयात. तोपर्यंत हरलं की जनरलच्या नावाने खडे फोडायची सोय होती, नंतर प्रत्येक पराभव थेट राजाच्या खात्यावर.

आणि दुसरं म्हणजे रेल्वे. देशात गहू होता हो, पण गाड्या सैन्याच्या मालात अडकलेल्या, राजधानी पेत्रोग्राडला पीठ पोचेना. दिव्याला एक लोकल बंद पडली की ठाण्याच्या पुलावर दहा मिनिटांत काय भाषा ऐकू येते माहितीये ना, तिथे तर कडाक्याच्या थंडीत बायका तासनतास पावाच्या रांगेत. 8 मार्च 1917 ला याच बायका रस्त्यावर उतरल्या. चार दिवसांनी, जमावावर गोळ्या झाडायला लावलेल्या व्होलिन्स्की रेजिमेंटने आपल्याच अधिकाऱ्याला उडवलं, आणि 15 तारखेला प्स्कोव्हला उभ्या ट्रेनमध्ये निकोलसची गादी सोडल्याच्या कागदावर सही. तीही जनरल लोकांच्या तारा आल्यावर.

त्याचा मावसभाऊ, इंग्लंडचा राजा जॉर्ज मात्र लंडनमध्ये टिकला. त्याच वर्षी घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर करून मोकळा झाला, हुशार गडी.