'ओपन फील्ड'ला मराठीत काय म्हणावे?

शिवारकर : इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावावरचा मजकूर मराठीत करायचा आहे. 'ओपन फील्ड'ला 'खुले शेत' लिहिले, तर संपादकांना ते मोकळे पटांगण वाटले. वेस्ट, मिल आणि साऊथ अशी तीन मोठी रानं आहेत, कुंपण नाही, आत अनेकांच्या पट्ट्या सरमिसळ.

गुंठेवार : 'बिनबांधाचे शेत'. पट्ट्यांमध्ये बांध नसणे हीच खूण. म्हणून तर नोव्हेंबरअखेर शेतकऱ्यांची ज्युरी गव्हाच्या रानात फिरून हद्दीच्या खुंट्या ठोकते. कोणी शेजाऱ्याचे किंवा वाटेचे तास (नांगराची ओळ) खाल्ले असेल, तर पुढे कोर्ट लीटमध्ये, म्हणजे गावच्या जुन्या न्यायसभेत, दंड.

काळीपांढरी : 'शेत' एकाचे असते. 'रान' बरे : गिरणीरान, दक्षिणरान. आणि तिसऱ्या वर्षीच्या रानाला 'पडीक' लिहू नका! एक वर्ष शरदातला गहू, दुसऱ्या वर्षी वसंतात पेरायचे जव वगैरे, तिसऱ्या वर्षी विसावा. सातबाऱ्यात 'चालू पड' आणि 'कायम पड' वेगळे मांडतात; ही चालू पड.

शिवारकर : मग 'साइक'? ओलसर खोलगटातल्या, न नांगरलेल्या गवताच्या पट्ट्या.

गुंठेवार : पोटखराबा, म्हणजे गटातली लागवडीला न येणारी जमीन.

काळीपांढरी : अहो, पोटखराबा एका खातेदाराच्या गटातला असतो. साइक सामाईक. गायरान म्हणा.

गुंठेवार : गायरानात गुरं चरतात. साइकच्या गवताचा लिलाव होतो, बोली लावणारा कापून नेतो.

ओळंबा : कोर्ट लीटला 'गोतसभा' केले तर? मूळ वाक्यातला गंध राहील.

काळीपांढरी : गोतसभा वतनाचे तंटे तोडायची. इथे बारा शपथबद्ध शेतकरी पेरणीच्या रेषा तपासतात. 'कोर्ट लीट' तसेच ठेवा. सगळ्याला देशी झूल घालायचा हट्ट कशाला?

ओळंबा : हट्ट नाही, सोय आहे. 'एनक्लोजर'ला 'बंदिस्ती' छापलेले दिसते, तो खरा घोटाळा. मराठीत बांधबंदिस्ती म्हणजे माती अडवणे. तिथे सरमिसळ पट्ट्या मोडून प्रत्येकाला सलग जमीन दिली, भोवती कुंपण घातले. आपल्याकडच्या १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यातले 'एकत्रीकरण' त्याच्या निम्म्या अर्थाला भिडते. सामाईक हक्क बुडाले, तो उरलेला अर्धा अर्थ त्यात नाही.

शिवारकर : १६३५ च्या मार्क पिअर्सच्या नकाशावर पट्ट्यांचे गठ्ठे 'फर्लांग' म्हणून आहेत. मराठीत फर्लांग म्हणजे अंतर, घोळ होईल.

ओळंबा : व्युत्पत्ती पाहा : तासाची लांबी, २२० यार्ड. जुना एकर २२० बाय २२ यार्ड, म्हणजे लांब पट्टी. बैलांची लांब जोत वळवणे जिकिरीचे, म्हणून तास लांब आणि टोकाला किंचित वाकडे.

गुंठेवार : एकराचे ४,८४० चौरस यार्ड भागिले गुंठ्याचे १२१, बरोबर ४० गुंठे. पण गुंठा ३३ फुटी साखळीचा चौकोन, पट्टी नव्हे.

काळीपांढरी : आणि सातबारा आता हेक्टर-आरमध्ये असतो, त्यात तुमची पट्टी कुठे बसवणार?

ओळंबा : क्षेत्रफळाला आकार नसतो. आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१ पेक्षा थोडा जास्त.

गुंठेवार : तो 'थोडा'च मोजणीत भांडणं लावतो. ४० गुंठ्यांना ४० आर धरले तर जवळजवळ अर्धा गुंठा गेला.