शब्दचर्चा : ‘नॉन-इनव्हेसिव्ह सीओटू मॉनिटरिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (लातूर) : आयसीयूबाहेर नातेवाइकांसाठी फलक लावायचाय. मसुद्यात ‘अनाक्रमक कर्बवायू सनियंत्रण’ असं आलंय. बरं काही सुचतंय का?

प्रतिसाद : ‘अनाक्रमक’ फलंदाजाला ठेवा. ‘सुई न टोचता’ म्हणा की सरळ.

प्रतिसाद (आयसीयू परिचारिका, नांदेड) : सुईचं ठीक. आमच्याकडं घोटाळा होतो तो ‘कर्बवायू’पाशी. बायपॅपवरच्या (मास्कमधून श्वास देणाऱ्या यंत्रावरच्या) एका आजींचा मुलगा विचारत होता, “सिस्टर, बोटाच्या चिमट्यावर ९७ दिसायलंय, मग आणखी काय मोजायलाव?” आजींचा जन्म चुलीपुढं फुंकणी घेऊन गेलेला, धुरानं फुप्फुसं बिघडलेली. चिमटा फक्त प्राणवायूचं सांगतो. वरून ऑक्सिजन चालू असला की तो आकडा चांगलाच राहतो आणि आत कर्बवायू साठत जातो. पेशंट गुंगीत जातो, घरच्यांना वाटतं शांत झोप लागली.

खात्रीचा आकडा एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू तपासण्याचा. मनगटाच्या धमनीतून रक्त घ्यायचं. कर्बवायूचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर (पाऱ्याचा) असला की ठीक. पण तो त्या घडीचा. तासातासाला किती टोचणार? म्हणून दोन वाटा. कॅप्नोग्राफ उच्छ्वासाच्या शेवटी येणारा वायू मोजतो. फुप्फुसं धडधाकट असतील तर तो आकडा रक्तातल्यापेक्षा २ ते ५ नं कमी येतो, फुप्फुसं बिघडली किंवा बीपी पडला की फरक वाढतो. मास्कमधून हवा गळते, म्हणून आजींना तो चालला नाही. त्यांच्या कानाच्या पाळीला सेन्सर चिकटवला. तो कातडी ४२ अंशांच्या आसपास तापवतो, रक्त वर येतं आणि कातडीतून झिरपणारा वायू मोजला जातो. जागा बदलत राहावी लागते, नाहीतर चटका बसतो. शॉकमधल्या, म्हणजे बीपी फार पडलेल्या पेशंटच्या कातडीलाच रक्त पुरत नाही, तिथं त्याचा भरवसा धरू नये.

म्हणून माझं मत, नावात वायू कुठून मोजला ते यावं. ‘श्वासातला’ वेगळा, ‘त्वचेवरून’ मोजलेला वेगळा, ‘रक्तातला’ वेगळा.

प्रतिसाद : व्हेंटिलेटरवाल्याच्या घशात नळी असतेच ना? मग ते ‘नॉन-इनव्हेसिव्ह’ कसं?

प्रतिसाद (परिचारिका) : नळी श्वासासाठी आधीच घातलेली. मोजायला म्हणून वेगळं काही आत जात नाही. ‘सुई न टोचता’ तिथंही खरंच.

प्रतिसाद : जाता जाता, ‘कॅप्नो’चं ग्रीक मूळ म्हणजे धूर. आजींना हे सांगायला हवं होतं!

प्रश्नकर्ता : मग असं करतो – ‘येथे सुई न टोचता, श्वासातून किंवा त्वचेवरून, रुग्णाचा कर्बवायू मोजतात. खात्रीसाठी अधूनमधून धमनीतले रक्त तपासावे लागते.’

प्रतिसाद (परिचारिका) : ‘मोजतात’ऐवजी ‘सतत मोजत राहतात’ करा. एकदाच मोजायचं तर एबीजी आहेच.